वसतिगृहातून क्रीडा प्रबोधिनीकडे

निवासी शाळा घरापासून दूर आलेल्या मुलाला सामावून घेते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आपल्याजवळ जे देण्यासारखे होते ते देऊन झाले आहे हे ओळखून मुलाला योग्य वेळी पुढे सोडणे, हेही तिचेच काम आहे, आणि त्याविषयी स्मरणिकांमधून फारसे लिहिले जात नाही. अभ्यासाच्या बाबतीत हे आपोआप घडते. दहावी झाली की मूल जातेच. खेळात तसे नसते, आणि जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात तर दहावीपर्यंत थांबले म्हणजे वेळ निघून गेलेली असते. अलीकडे आमच्याकडे दर वर्षी एखाद-दोन पालक हाच प्रश्न घेऊन येतात : पोरगी चांगल्या उड्या मारते, क्रीडा प्रबोधिनीत घालावी काय? या लेखात आम्ही त्या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करू इच्छितो.

आधी वयाचा मुद्दा. आपल्या मराठवाड्यातील अविनाश साबळे याचे उदाहरण मुलांना नेहमी सांगितले जाते, आणि ते सांगावेच. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा हा तरुण बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये, भरती झाला. सियाचीनसारख्या ठिकाणी नोकरी केली, वयाची विशी उलटल्यानंतर खऱ्या अर्थाने ॲथलेटिक्सकडे वळला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला. धावण्याच्या खेळात हे शक्य आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये नाही. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात उतरण्यासाठी मुलीला त्या वर्षी सोळा व मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हा नियम खरा. पण त्या वयात जी कौशल्ये दाखवायची असतात ती अंगी बाणवण्यास आठ-दहा वर्षे लागतात. त्रिपुरातील आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने सहाव्या वर्षी सुरुवात केली होती. म्हणजे इथे निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा मूल तिसरी-चौथीत असते, आणि निर्णय स्वतः घेण्याइतके मोठे झालेले नसते. तो निर्णय वडीलधाऱ्यांना त्याच्या वतीने घ्यावा लागतो. या विषयातील सगळी अवघड बाब येथूनच सुरू होते.

आमच्यासारख्या ग्रामीण निवासी शाळेत साधने काय असतात? दोन-चार गाद्या, एक लाकडी मल्लखांब, असलाच तर दोरीचा मल्लखांब, आणि मैदान. मल्लखांब ही महाराष्ट्राची जुनी विद्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. एका खांबावर वीस मुले सराव करू शकतात, म्हणून गरीब शाळेला ती परवडते. जिम्नॅस्टिक्सचे तसे नाही. मुलांना सहा साधनांवर खेळावे लागते : फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार. मुलींना चार : व्हॉल्ट, अनइव्हन बार, बॅलन्सिंग बीम आणि फ्लोअर. यांतील बीम पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि अवघा दहा सेंटिमीटर रुंद असतो. खालच्या जाड गाद्यांखेरीज आणि शिकलेल्या प्रशिक्षकाखेरीज त्यावर मुलाला चढवणे हा निव्वळ धोका आहे. मल्लखांबावर तयार झालेल्या मुलाचे खांदे, पकड, पोटाचे स्नायू आणि उलटे लटकण्याची निर्भयता ही पुढे उपयोगी पडणारी शिदोरी आहे. मात्र मनाने शिकलेल्या कोलांटउड्यांबरोबर वाईट सवयीही येतात; गुडघे ताठ ठेवून उतरणे, हातावर उभे राहताना कंबर वाकवणे, कोपर मोडणे. नव्या प्रशिक्षकाचे पहिले काही महिने या सवयी मोडण्यात जातात.

मूल खरोखर पुढे जाण्याजोगे आहे हे कशावरून ओळखावे? गॅदरिंगमध्ये टाळ्या कोणाला पडल्या यावरून मुळीच नाही. आम्ही पाहतो ते असे की, तीच साधी कृती तीस वेळा करायला सांगितल्यावर एकतिसाव्या वेळी ते मूल काय करते. पडल्यावर आधी कोणाकडे पाहते. सांगितलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात असते काय. शरीर लहान व हलके असून स्वतःचे वजन सहज उचलते काय. आणि हे सर्व असूनही मूल बारा-तेरा वर्षांचे झाले असेल, तर पालकांना स्पष्ट सांगावे की कलात्मक जिम्नॅस्टिक्ससाठी उशीर झाला आहे. एरोबिक, ॲक्रोबॅटिक किंवा मल्लखांब या प्रकारांत त्याला अधिक वाव राहील. खोटी आशा दाखवून नेलेले मूल दोन वर्षांनी परत येते, आणि मधल्या काळात त्याचा अभ्यासही गेलेला असतो.

पुढे जाण्याच्या वाटा सरकारी आहेत, ही गरिबांच्या दृष्टीने मोठी गोष्ट. शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे जे क्रीडानगर उभे राहिले, तेथील शिवछत्रपती क्रीडापीठाच्या अंतर्गत राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी चालतात. निवड झालेल्या निवासी खेळाडूच्या राहण्या-जेवणाचा, शिक्षणाचा व प्रशिक्षणाचा भार शासन उचलते. निवडीसाठी चाचण्या असतात. तीस मीटर धाव, सहा गुणिले दहा मीटरची धाव, मेडिसिन बॉल फेक, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, लवचीकता, आठशे मीटर धाव, शिवाय उंची व वजन यांची नोंद. या चाचण्या सर्व खेळांसाठी सारख्याच असल्याने उंच मुलाकडे पाहणाऱ्याचे लक्ष आधी जाते, जिम्नॅस्टला मात्र ठेंगणेपणच उपकारक. त्यामुळे अशा मुलाने खेळाची कौशल्य चाचणीही द्यावी असा आग्रह धरावा. यंदाच्या तारखा व अटी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातूनच घ्याव्यात, मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांवर विसंबू नये. छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, आणि परभणीहून तेथे रेल्वेने सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचता येते. मायबापांना महिन्यातून एकदा जाऊन येण्याजोगे ते अंतर आहे, म्हणून आम्ही त्या शहराचा विचार पुण्याच्या आधी करावयास सांगतो.

ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्याने सोळा वर्षे लढा दिला आणि ज्याचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, त्याच्या परिसरात आपले लेकरू सराव करील, याचे पालकांना अप्रूप वाटते. आम्हालाही वाटते. पण कमानीवरचे नाव पाहून मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही; ते विचारावेच लागते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटेल, परंतु आमच्या जिल्ह्यात मुले तेथेच अडतात. आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘१ जून’ ही जन्मतारीख किती मुलांपुढे लिहिलेली आहे, हे कोणत्याही शिक्षकाने एकदा मोजून पाहावे. प्रवेशाच्या वेळी वयाचा हिशेब बसावा म्हणून गुरुजींनी ती घातलेली असते. एरव्ही ती चुकीची तारीख कोणाला नडत नाही, पण वयोगटाच्या खेळात सहा महिन्यांचा फरक म्हणजे एक संपूर्ण हंगाम. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतील ऊसतोड कुटुंबांत अडचण आणखी वाढते. मूल कारखान्याच्या फडावर जन्मलेले असते. जन्माची नोंद कायद्याने जेथे जन्म झाला तेथे होते, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि कित्येकदा ती झालेलीच नसते. एका वर्षानंतरच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे सर्व निवड चाचणीच्या आठवड्यात होत नाही. शिवाय टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते ती उन्हाळा लागताना परतते, त्यामुळे सहीसाठी वडील गावात नसतात. म्हणून मूल तिसरीत असतानाच, टोळी निघण्यापूर्वी, जन्मदाखला, जातीचा दाखला, आधार आणि शाळेची नोंद या चारही ठिकाणी नाव व तारीख एकच आहे काय हे पाहून घ्यावे. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधील तारीख दुरुस्त करून घेणे फार कठीण जाते.

आता संस्थांविषयी, ज्यांत आम्हीही आलो. निवासी शाळेचे अनुदान आणि शिक्षकांची पदे पटावर ठरतात. संचमान्यतेच्या वेळी एकेका मुलाचे मोल काय असते हे शिक्षकांना सांगावयास नको. अशा वेळी सरल प्रणालीत दुसऱ्या शाळेकडून ट्रान्स्फरची विनंती आली की मुख्याध्यापकाच्या मनात काय येते, हे उघड बोलले पाहिजे. ‘अजून लहान आहे’, ‘पुढच्या वर्षी पाहू’, ‘बोर्डाच्या परीक्षेनंतर जाऊ द्या’ ही उत्तरे कधी मुलाच्या काळजीपोटी दिलेली असतात आणि कधी पटाच्या. पटाच्या काळजीचे ओझे मुलाने का वाहावे? शाळेने सप्टेंबरमधल्या पटपडताळणीकडे पाहून मुलाला अडवू नये, आणि तसेच, शाळेच्या नावावर राज्यस्तरीय पदक लागावे म्हणून त्याला घाईने ढकलूही नये.

परगावी पाठवणे आमच्या समाजाला नवीन नाही. १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. उच्च शिक्षणाची सोय मराठवाड्यात नव्हती म्हटले तरी चालेल. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेव्हा पत्र्याची पेटी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात गेली. त्यांच्या आईबापांना तेथे काय शिकवतात हे कळत नव्हते, पण आपले पोर कोणाच्या स्वाधीन केले आहे हे पक्के ठाऊक होते. खुद्द बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती मदत मुदतीची आणि अटींची होती आणि अटी कागदावर होत्या. क्रीडा केंद्रात मूल घालतानाही आम्ही पालकांना हेच विचारावयास सांगतो : किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर, आणि दुखापत झाली तर पुढे काय?

प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत कठीण. येथे जो सर्वांत पुढे होता तो तेथे सर्वांत मागे उभा राहतो. आमच्याकडे आठवड्याला पाच-सहा तास सराव, तेथे वीस-पंचवीस. येथे मागे कोलांटी मारणारे मूल तेथे महिनाभर भिंतीला पाय टेकवून हातावर उभे राहते. त्याला वाटते आपल्याला शिक्षा झाली. घरी फोन करून रडते. आईचा जीव खाली-वर होतो आणि वडील म्हणतात, घेऊन या परत. अशा वेळी शाळेतील ज्या शिक्षकाने त्याला घडवले त्यानेच त्याच्याशी बोलावे, आणि नव्या प्रशिक्षकाविरुद्ध चकार शब्द न काढता बोलावे. मुलाला दोन गुरूंमध्ये निवड करावयास लावली तर ते दोघांनाही मुकते.

तथापि रडणे कोणते सोसण्याचे आणि कोणते गंभीर, यातील भेद ओळखलाच पाहिजे. येथे सोण कोळिविस या भिक्षूची कथा आठवते. चंपा नगरीतील श्रीमंत घरात वाढलेला हा नाजूक तरुण राजगृहाजवळ साधना करू लागला, आणि चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून रक्त आले. आता घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला विचारले ते त्याच्या जुन्या आयुष्यातले. तो घरी वीणा वाजवीत असे. तारा फार ताणल्या असता वीणा वाजत होती काय, सैल सोडल्यावर वाजत होती काय? तथागतांनी त्याला साधना सोडावयास सांगितले नाही आणि तळवे फुटेपर्यंत चालण्याचे कौतुकही केले नाही. आम्हाला या कथेत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते : सोणाची पावले कोणीतरी पाहिली होती.

मुलाची पावले पाहण्यासाठी कोणीतरी असावे म्हणजे काय, हे अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासातून शिकावे लागले. राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींचे लैंगिक शोषण केले. २०१६ साली इंडियानापोलिस स्टार या वृत्तपत्राने प्रकरण उघडकीस आणले, आणि जानेवारी २०१८ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली व स्त्रिया न्यायालयात बोलल्या. मुलींनी आधी तक्रारी केल्या नव्हत्या असे नाही. मोठ्यांनी ऐकल्या नाहीत. आईवडील कधीकधी त्याच खोलीत हजर होते. पदके मिळत होती, म्हणून कोणी विचारत नव्हते. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे, पण कायदा वापरण्यासाठी मुलाला बोलता आले पाहिजे. म्हणून केंद्राला सरळ विचारावे : मालिश व उपचाराच्या वेळी दुसरी जबाबदार व्यक्ती हजर असते काय? मुलाला आठवड्यातून एकदा एकटे असताना फोन करता येतो काय? पालकाने न सांगता येऊन सराव पाहिला तर चालतो काय? या प्रश्नांचा राग येणाऱ्या केंद्रात मूल ठेवू नये.

जातीचा प्रश्नही आपण दडवून ठेवू नये. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदू संघाचे सर्वांत मोठे बळ होते, १९११ साली ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. पण पुण्यात खेळत असताना त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. मैदानावर चेंडू सर्वांनी झेलला, चहाची वेळ झाली की जात आठवली. आज पेला वेगळा नसतो. आडनाव विचारले जाते, आरक्षणावरून टोमणा येतो, खोलीत कोणाच्या भिंतीवर कोणाचा फोटो यावरून कुरबूर होते. मुलाला जाण्यापूर्वी हे सांगून ठेवावे, घाबरवण्यासाठी नव्हे, तर ते घडल्यास दोष आपला नाही हे त्याला आधीच माहीत असावे म्हणून.

मुलींच्या बाबतीत शरीराकडे निराळे लक्ष हवे. दहा ते चौदा या वयात उंची झपाट्याने वाढते आणि काल जमत होते ते आज जमेनासे होते. हातपाय लांबले, तोल बदलला, एवढेच त्याचे कारण. समंजस प्रशिक्षक तेव्हा भार कमी करतो, अडाणी प्रशिक्षक जेवण कमी करतो. वाढत्या हाडांची टोके मऊ असल्याने मनगट व कोपरावर सतत भार पडून कायमची इजा होऊ शकते. रात्री दुखणे, वजन घटणे, पाळी लांबणे किंवा बंद होणे ही चांगल्या तयारीची लक्षणे नाहीत, डॉक्टरकडे जाण्याची आहेत. आपल्या भागातल्या मुली मुळातच अंगात रक्त कमी घेऊन जातात, म्हणून जाण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि डाळ, शेंगदाणे, अंडी पोटभर मिळतील की नाही हे तिथल्या मेसमध्ये एकदा जेवून पाहावे.

एवढे करून पदक मिळेलच असे नाही. दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळवून चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी गेले. ऑलिंपिकमध्ये उतरणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. त्याच अंतिम फेरीत एक्केचाळीस वर्षांची ओक्साना चुसोवितिनाही खेळली, पण तिच्यासारख्या खेळाडू जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. बहुतेक मुले राज्यस्तराच्या अलीकडे-पलीकडे थांबतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी ट्रॅम्पोलिनसारख्या प्रकारांत बोगस प्रमाणपत्रे काढली गेल्याचे प्रकरण महाराष्ट्रात गाजले. पालकांपैकी कोणी आम्हाला ‘नुसते सर्टिफिकेट मिळेल असे काही बघा’ असे म्हणतात तेव्हा आम्ही विषय तेथेच संपवतो. त्या एका कागदाने ज्याचे खरोखर तळवे सोलले गेले, त्या मुलाची जागा जाते.

मूल परत आले तर? दुखापतीने, न जमल्याने, किंवा नुसते मन न रमल्याने. त्याला पुन्हा पटावर घेण्याची तयारी मुख्याध्यापकांनी पाठवतानाच ठेवावी, त्याची खाट कोणत्या खोलीत लागेल हेही ठरवावे, आणि प्रार्थनेच्या वेळी त्याच्याविषयी काही बोलू नये. जाताना निरोप समारंभ मोठा केला तर परतीची वाट लहान होते. आम्ही त्यामुळे हार-तुरे टाळतो. सायंकाळच्या वंदनेनंतर खाऊ वाटतो, एवढेच.

आणि सुटीत आलेल्या मुलाविषयी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम थांबवून लोक त्याला म्हणतात, एक उलटी उडी मार. गॅदरिंगला पाहुण्यांसमोर त्याला फळ्यांच्या व्यासपीठावर चढवतात. डांबरी रस्त्याला गादी नसते आणि फळ्यांमध्ये फट असते. सुटी विश्रांतीसाठी दिलेली असते, प्रशिक्षकाने मनाई केलेली असते, आणि मुलाला मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही. तेव्हा ते नाही शिक्षकांनी म्हणावे, आणि त्याच्या हाती निळा झेंडा देऊन त्याला रांगेत चालू द्यावे.